गोव्याला यायचे तर अष्टमी बघून या: मुलाबाळांसह खाडीतली गरी आणि मोल्याचे जंगल

मे महिना लागला की फोंड्यातल्या घरांत पुण्या-सांगलीचे, बेळगाव-कोल्हापूरचे पाहुणे उतरू लागतात आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर विचारतात, "किनारे झाले बघून, आता आणखी काय?" आमचे उत्तर ठरलेले असते: समुद्राकडे पाठ करा. गोव्याची खाडी आणि गोव्याचे जंगल फोंड्याहून दोन दिशांना साधारण तासाभराच्या वाटेवर आहे. दूधसागराचे पाणी मोल्याच्या जंगलातून खाली येऊन शेवटी मांडवीला मिळते, आणि तीच मांडवी पणजीजवळ खारी होते. वरच्या टोकाला राष्ट्रीय उद्यान, खालच्या टोकाला गरी, म्हणजे मासे धरायचा गळ. चार-पाच दिवसांच्या सुटीत दोन्ही होते, फक्त ऊन आणि पाणी यांच्या वेळा पाळाव्या लागतात. ज्यांनी आजवर गरी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

आधी तारखा

रेल्वेचे आरक्षण करण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि एप्रिल-मे मधल्या अष्टम्या शोधा. शुक्ल किंवा वद्य, कोणतीही चालेल.

कारण असे. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. साधारण सव्वाबारा तासांनी पुन्हा भरती येते, म्हणजे दिवसाची आणि रात्रीची वेळ जवळपास सारखीच. रोज ही वेळ पाऊण तासाच्या थोडी वरच पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, आणि नदीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, पण बेत आखायला पुरतो. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या नावाखाली मिळते.

आता हा हिशेब मेच्या उन्हाशी जुळवून बघा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढते ते ऐन दुपारी, जेव्हा बांधावर अर्धा तासही उभे राहवत नाही. सकाळ-संध्याकाळ नेमकी ओहोटी असते आणि समोर नुसता चिखल. अष्टमी ते दशमी मात्र भरती सकाळी सहा ते साडेसात आणि पुन्हा संध्याकाळी तेवढ्याच वाजता. ऊन कलते, मुलांचा मूड बरा असतो, पाणी काठाला लागलेले असते. शिवाय ही भांगाची भरती. पाण्याला ओढ कमी असते, त्यामुळे नवख्याची दोरी प्रवाहाबरोबर पळून जात नाही. इथले जाणते गरवणारे यावर हसतील. त्यांना उधाणच हवे असते, कारण पाणी जोरात फिरले की मासाही फिरतो. त्यांचे त्यांच्या जागी बरोबर आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा गरी देताना मी तरी भांगाचेच दिवस निवडतो.

दुसरी मर्यादा महिन्याची. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला. मेच्या शेवटच्या आठवड्यातच वारा बदलू लागतो, वळवाच्या सरी येतात. तेव्हा एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा तिसरा आठवडा, त्यातली अष्टमी, आणि तिच्या आदल्या दिवशी पोहोचायचे.

उन्हाळ्यात खाडीवर गरवण्याचा एक फायदा लक्षात घ्या. पावसाळ्यात नदी गढूळ आणि गोडी असते. मेमध्ये वरून येणारे पाणी आटते आणि समुद्राचे खारे पाणी नदीत खूप आतपर्यंत शिरते. त्याच्यामागे मासाही येतो. म्हणून समुद्रावर न जाता गावाच्या बांधावरही चांगला मासा लागू शकतो.

मुक्काम कुठे

फोंडा तालुक्यात. कळंगुट-बागाकडे खोली घेऊन रोज मोल्याला जायचे ठरवलेत तर सुटी गाडीतच जाईल.

मराठी कुटुंबांना मंगेशी, रामनाथी, कवळे, म्हार्दोळ या देवस्थानांच्या अग्रशाळा माहीत असतात. स्वच्छ, परवडणाऱ्या, देवळाच्या आवारात. पण एक अडचण आहे: अग्रशाळेत मासा शिजवता येत नाही, आणि पकडलेले काळुंदर पिशवीत घालून देवळाच्या आवारात शिरणे बरे दिसत नाही. त्यामुळे गरवायचा बेत असेल तर स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्या. आईवडिलांना कुलदेवतेपाशी राहायचे असेल तर शेवटची एक रात्र अग्रशाळेत काढा, मासे आटोपल्यावर. जंगलाच्या जवळच राहायचे असेल तर मोल्याला पर्यटन महामंडळाचे निवास आहे आणि बोंडल्याला वनखात्याच्या खोल्या. सुटीत दोन्हीकडे आधी आरक्षण लागते.

घरमालकीणबाईंना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, "घरात नुस्ते, म्हणजे मासे, कोणत्या वारी चालत नाही?" बऱ्याच घरांत सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असते. त्या दिवशी खुशाल जंगलात जा.

येण्याबद्दल थोडक्यात. कोकण रेल्वेने आलात तर फोंड्याला करमळी स्थानक सोयीचे. कोल्हापूर-बेळगावकडून गाडीने येणाऱ्यांना अनमोड घाट थेट मोल्यात आणून सोडतो. अवजड वाहतूक फार, म्हणून दिवसाउजेडी उतरा. चोर्ला घाट जास्त देखणा, पण तो साखळीकडे उतरतो. इथे गाडी भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे आहेत ना ते पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि नाक्यावर अडवले तर मुलांसमोर वाद होतो.

गरीचे सामान

महागडे रॉड-रील विकत घेऊ नका. पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारात जाळी आणि तंगूस विकणारी दुकाने आहेत. तिथे "खाडीत गरवायला, मुलांसाठी" एवढे सांगितले की पुरते. तंगूस म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. नवख्याला मध्यम जाडीची बरी, फार बारीक घेतली तर पहिल्याच खडकावर तुटते. गऱ्या दोन आकारांच्या घ्या, लहान आणि मध्यम. दुकानात गरीचा नंबर जितका मोठा तितकी गरी लहान असते, हे लक्षात ठेवा, नाहीतर शार्कची गरी घेऊन घरी याल. शिशाच्या गोळ्या, आणि तंगूस गुंडाळायला लाकडाचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची बाटली. झाले. काठीची गरजच नाही. इथे पुष्कळजण हातानेच दोरी टाकतात, आणि लहान मुलाला माशाचा झटका बोटावर कळतो तो काठीतून कळत नाही.

आमिष बाजारातूनच घ्या: मूठभर लहान सुंगटे, म्हणजे कोळंबी. सोबत थोडी मळलेली कणीक, हळद घातलेली चालेल. बर्फ घातलेला डबा, चिमटा किंवा छोटी पक्कड, जुना पंचा, आणि प्रत्येकाच्या पायात पुढून बंद असलेली चप्पल किंवा बूट. हे शेवटचे टाळू नका. खाडीकाठच्या दगडांना कालवांचे शिंपले चिकटलेले असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात.

गरी टाकायची कशी

भरतीच्या दीड तास आधी काठावर पोहोचा. पाणी चढत असताना आणि पूर्ण भरून ओसरू लागताना मासा खातो, मधल्या थांबलेल्या पाण्यात तो आळसावतो.

तंगूसच्या टोकाला गरी बांधा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घासून दोरी तिथेच कमजोर होते. गरीच्या वर वीतभर अंतरावर शिसे. सुंगट सोलून त्याचा तुकडा गरीत असा ओवा की टोक जेमतेम झाकले जाईल. मोठा घास लावला की मासा कडेने कुरतडून खातो आणि तुम्ही रिकामी गरी बघत बसता. टाकण्याआधी मागे वळून पाहा, कोणाचे पोर उभे आहे का. मग तीन-चार हात दोरी सोडून गरगर फिरवून पुढे सोडा. लांब फेकायची हौस नको. काठाजवळ, खांबाच्या सावलीत, खारफुटीच्या मुळांच्या बाहेर मासा असतो.

शिसे तळाला लागले की दोरी ताणून तर्जनीवर धरा. टक्-टक् असे बारीक झटके आले तर लहान मासा किंवा कुर्ली, म्हणजे खेकडा, आमिष चोरतो आहे. तेव्हा गप्प बसा. एकदम ओढ लागली आणि दोरी बाजूला चालू लागली की मनगटाने एक छोटा हिसका, आणि मग हात हात करून दोरी ओढत आणा. सगळीच मुले पहिल्या झटक्याला दोरी डोक्यावरून मागे भिरकावतात. भिरकावू देत.

काय लागेल? काळुंदर कणकेला आणि सुंगटाला लहान गरीवर येते आणि मुलांसाठी हाच सर्वांत भरवशाचा मासा. वाळूच्या तळावर मुडदुशी. शेवटे पाण्यावर उड्या मारताना दिसतील, पण ते गरीला सहसा भाळत नाहीत, त्यांना जाळेच लागते. खडकांजवळ तांबसा, जो लागल्याबरोबर बिळात शिरतो आणि दोरी तोडून घेतो. आणि चोणक. चोणक ज्याच्या गरीला लागतो तो माणूस वर्षभर त्याची गोष्ट सांगतो. पहिल्या सुटीत तुम्हाला लागेल असे नाही.

तीन मासे ओळखून ठेवा. सांगटाच्या कल्ल्यांजवळ आणि पाठीवर काटे असतात. तो हाताने न धरता पंच्यात दाबून गरी पकडीने काढा, नाहीतर सरळ दोरी कापा. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा. ते विष उष्णतेने निष्प्रभ होते, बर्फ लावून उपयोग नाही. मग डॉक्टरकडे जा. केंड हा फुगणारा मासा. मुलांना फार आवडतो, पण विषारी आहे, पाण्यात परत सोडायचा आणि कोणत्याही परिस्थितीत खायचा नाही. तिसरी वागळी. ती वाळूत पुरून बसते. उथळ पाण्यात उतरायची वेळ आली तर पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे ती आधीच निघून जाते.

बोटभर मासा आला तर ओल्या हाताने धरून परत सोडा. मुलांकडूनच सोडवून घ्या.

कुठे टाकायची, आणि कुठे मुळीच नाही

पणजी-रायबंदरच्या जुन्या बांधावर, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेल्या त्या लांबलचक रस्त्यावर, संध्याकाळी गरवणारे रांगेने दिसतात. जागा उत्तम, पण पाठीला लागून वाहने धावतात. मुलांना घेऊन तिथे नको. फेरीच्या धक्क्यावर फेरी लागताना-सुटताना दोरी पाण्यात असता कामा नये. गावातल्या छोट्या जेटी बऱ्या: फोंड्याहून जवळ दुर्भाट, बोरी. तिथे जो म्हातारा आधीपासून बसलेला असेल त्याला नमस्कार करून "काका, इथे बसलो तर चालेल?" विचारा. त्याच्या दोन वाक्यांतून जे कळेल ते या लेखात मावणार नाही.

खाजन शेतांच्या बांधांवर मात्र जरा समजून वागा. खाजन म्हणजे खाडीच्या पातळीच्या खाली असलेली, बांध घालून राखलेली जमीन. त्या बांधात मानस असते, लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा झडपा आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात घुसत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्या वाहत्या तोंडाशी रात्री जाळे लावून सुंगटे धरतात. पावसाळ्यात याच शेतात खारे सोसणारे कोरगूट भात होते. बघायला ही रचना इतकी सुरेख आहे की शाळेत विज्ञान शिकणाऱ्या मुलाला मुद्दाम न्यावे. पण मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणी करून, म्हणजे लिलावात दिलेला असतो. ज्याने पैसे मोजून हक्क घेतला त्याच्या तोंडाशी जाऊन गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेतले आंबे काढणे. विचारल्याशिवाय नाहीच.

कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्याच्या आसपास मगरी आहेत. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या या मगरी माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. खाजन राखणाऱ्या काही गावांत तर पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात. तरी त्या भागात पाण्यात पाय सोडून बसायचे नाही, आणि माशाची घाण काठावर टाकायची नाही.

होडी हवी असेल तर शापोरा, झुवारी किंवा दक्षिणेला बेतुलजवळ साळ नदीत होडीवाले भरतीच्या वेळी दोन-तीन तास फिरवून गरवायला नेतात. पैसे ठरवण्याआधी मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट मागा. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जाते, ते नसल्यातच जमा. नाही म्हणाला तर दुसरा होडीवाला बघा. आणि पुरुषमंडळींना विनंती: हुर्राक, म्हणजे काजूची दारू, होडीतून परतल्यावर.

गरी टाकायचीच नसेल, नुसते बघायचे असेल तर पणजीसमोरच्या मालीम जेटीवर पहाटे जा. ट्रॉलर रिकामे होत असतात, टोपल्या धावत असतात, पायाखाली बर्फाचे पाणी. मुलांचे हात धरून कडेला उभे राहायचे आणि कोणाच्या वाटेत यायचे नाही. किनाऱ्यावर कुठे रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना दिसली तर दोरीला हात लावायला बहुधा कोणी नाही म्हणत नाही. याच रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि त्यातून १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा आला. किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखण्याची तरतूद त्या कायद्याची देणगी.

सापडलेला मासा

उन्हात तासाभरात मासा उतरतो, म्हणून पकडल्याबरोबर बर्फात. घरी आणून खवले, कल्ले, पोट साफ करा. घरमालकीणबाई मदतीला आल्या तर भाग्य समजा. काळुंदराला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन मीठ, हळद, तिखट, आमसुलाचे पाणी लावायचे, अर्ध्या तासाने रव्यात घोळवून तव्यावर. मासे पाचच असतील आणि माणसे आठ, तर बाजारातून बांगडे आणा आणि तिरफळ घालून हुमण, म्हणजे माशांची आमटी, करा. मुलांना मात्र त्यांचे त्यांचे काळुंदर ताटात मिळाले पाहिजे, भले ते तीन घासांचे असो.

मोल्याचा दिवस

पहिला नियम: गरी घरी ठेवून निघा. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात मासे धरायला मनाई आहे, मग ओढ्यात कितीही मासे दिसोत.

भगवान महावीर अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातल्या साधारण १०७ चौरस किलोमीटरला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. फोंड्याहून पहाटे सहाला निघा. दिवसाचा क्रम असा ठेवा: आधी दूधसागर, मग जेवण, उन्हे कलल्यावर तांबडी सुर्ला.

दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्या कुळे गावातून सुटतात. खासगी गाडी आत सोडत नाहीत. एका जीपमध्ये सात जण. तुम्ही चौघे असाल तर दुसऱ्या कुटुंबाबरोबर बसावे लागेल किंवा पूर्ण जीपचे पैसे द्यावे लागतील. मेमध्ये सकाळी खिडकीवर रांग असते, म्हणून आरक्षणाची सोय चालू आहे का ते आदल्या दिवशी पाहून घ्या. ओळखपत्र जवळ ठेवा. वाट जंगलातली, ओढे ओलांडणारी, अंग खिळखिळे करणारी. मणक्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांनी कुळ्यालाच थांबावे हे बरे. जीप थांबते तिथून दगडांवरून थोडे चालायचे. माकडे खाऊच्या पिशवीवर टपलेली असतात, तेव्हा हातात काही उघडे नको.

धबधबा ३१० मीटर उंच. पण मेमध्ये काय दिसेल ते आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड नको: पावसाळ्यातल्या छायाचित्रांतला पांढरा लोंढा या दिवसांत नसतो. काळ्या कातळावर बारीक धारा असतात. त्या बदल्यात खालच्या डोहात उतरता येते, जे पावसाळ्यात शक्य नाही. लाइफ जॅकेट घालूनच उतरा, डोह मध्यभागी खोल आहे. वरून आगगाडी जाते ती बघण्यासाठी मुले मान वर करून उभी राहतात. पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात टाकलेला तो लोहमार्ग. त्या रुळांवरून चालत धबधब्याकडे जाणे बेकायदा आहे, रेल्वे पोलीस कारवाई करतात. इंटरनेटवर कितीही व्हिडिओ दिसले तरी त्या वाटेला जाऊ नका.

पाच-सहा वर्षांच्या आतली मुले असतील तर मी दूधसागर गाळून सरळ बोंडला सुचवीन. जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य, आत छोटे प्राणिसंग्रहालय आणि दाट सावली. गुरुवारी बंद असते.

तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ मोल्याहून बारा-तेरा किलोमीटरवर, जंगलाच्या कुशीत. कदंब काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले. सबंध देऊळ काळ्या बेसॉल्टचे, आणि गंमत म्हणजे हा दगड इथला नव्हेच. गोव्याची जमीन जांभ्याची. हा दगड घाटावरून आणला असे मानतात. एवढा दगड त्या काळी घाट उतरवून कसा आणला असेल, हा प्रश्न मुलांना घाला आणि त्यांना तर्क लढवू द्या. मंडपाचे छत आणि खांब निवांत बघा. पोर्तुगीज काळात इतकी देवळे पडली, हे आडवाटेला होते म्हणून वाचले. शेजारी नदी आहे, मेमध्ये घोट्याएवढी.

प्राणी दिसतील का? गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. संध्याकाळी मोले-अनमोड रस्त्याच्या कडेला कधी कधी दिसतो. दिसला तर गाडी थांबवा, दिवे मंद करा, खाली उतरू नका. शेकरू झाडांच्या शेंड्यांवर, धनेश फळलेल्या वडा-पिंपळांवर. लाल कंठाचा बुलबुल हा राज्यपक्षी, तांबडी सुर्ल्याच्या परिसरात सकाळी लवकर गेलात तर भेटतो. वाघ बघायच्या आशेने येऊ नका.

एक सावधगिरी मुद्दाम सांगतो, कारण पाहुण्यांना ती माहीत नसते. २०१५ पासून सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम उन्हाळ्याचाच. जंगलात पूर्ण बाह्या, लांब पँट, पॅंट मोज्यात खोचलेली. पालापाचोळ्यावर बसायचे नाही, मेलेल्या माकडाजवळ जायचे नाही. घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे. पुढच्या आठवड्यात कोणाला ताप आला तर डॉक्टरला "जंगलात गेलो होतो" हे सांगायला विसरू नका.

दुपारचे काय

अकरा ते चार बाहेर काही नाही. फोंड्याच्या आसपास सावईवेरे, केरी या बाजूला कुळागरे आहेत: सुपारी, तिच्यावर चढवलेली पानवेल आणि मिरी, मध्ये केळी, खाली पाटाचे पाणी. बाहेर पारा पस्तिशीला टेकलेला असला तरी आत गारवा असतो. काही कुळागरांत जेवणाची सोय आहे. हंगाम उरला असेल तर काजूच्या बोंडांचा ताजा नीरो मुलांना पाजा. मानकुराद आंबे हापूसवाल्यांनीही एकदा खाऊन पाहावेत, वाद नंतर घालू. नाहीतर पंख्याखाली झोपा. पहाटे उठलेली माणसे दुपारी झोपतात, त्यात सुटी वाया जात नाही.

चोडण, अर्ध्या सकाळीचे

रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडली की चोडण बेट. तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. पाहुणे पक्षी हिवाळ्यातले, ते मेपर्यंत निघून गेलेले असतात. खंड्या, बगळे, घारी असतातच. इथेही पाण्याचीच वेळ: भरतीला होडी खारफुटीच्या आतल्या ओढ्यांत शिरते, ओहोटीला चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना आणि कुर्ल्या बिळातून डोकावताना दिसतात. लहान मुलांना ओहोटीच जास्त आवडते. म्हणून भरतीला होडी करून तासभर थांबा आणि पाणी उतरू लागल्यावर काठावरून चिखल बघा.

दिवस उरलाच तर दक्षिणेला खोतीगावचे अभयारण्य आणि गालजीबागचा कासवांचा किनारा आहे, पण ते फोंड्याहून लांब पडते. त्यासाठी वेगळी सुटी काढलेली बरी.

निघताना

मे म्हणजे गोव्यात पुरुमेंताचा महिना, पावसाळ्याची बेगमी. फोंडा, म्हापसा, मडगावच्या बाजारांत खारे बांगडे, सुकी सुंगटे, गालमो म्हणजे सुकी बारीक कोळंबी, आमसुले, मिरच्या यांचे ढीग असतात. सुके मासे घेताना हाताने दाबून पाहा: कडक हवेत, बोटाला ओल लागली तर नकोत, घरी पोहोचेपर्यंत बुरशी धरतात. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, मग झाकणाचा डबा, आणि डब्याला चिकटपट्टी. वातानुकूलित डब्यातून जाणार असाल तर सुके मासे नको, आमसुलेच घ्या. आठ तासांच्या प्रवासात शेजारचे प्रवासी काही बोलत नाहीत, पण बघतात.